सावरीखालची वही

गुलमोहराचं फूल आठवा आणि समोर फूल नसताना कागदावर काढून बघा. वर्षानुवर्षं गुलमोहराखालून ये-जा केलेली माणसंही बहुतेक वेळा पाच सारख्या लाल पाकळ्या काढतात आणि मधे चार-दोन पुंकेसर. मग झाडाखाली पडलेलं एखादं ताजं फूल उचलून चित्राशेजारी ठेवा. पाकळ्या पाचच आहेत, पण सारख्या नाहीत. चार लाल-केशरी, पसरलेल्या. पाचवी उभी, थोडी मोठी, पांढरट-पिवळी आणि तिच्यावर लाल रेघा-ठिपक्यांची नक्षी. पुंकेसर दहा. पाकळ्यांमागे पाच जाडसर निदलं, बाहेरून हिरवी आणि आतून लाल. ही पाचवी पाकळी दर उन्हाळ्यात डोळ्यांसमोर असते, तरी लक्षात राहत नाही, कारण नुसतं बघताना काहीच ठरवावं लागत नाही. रेघ मारताना ठरवावं लागतं. पाकळी देठाशी रुंद की अरुंद? पानं समोरासमोर की एकाआड एक? पक्ष्याची शेपटी मिटलेल्या पंखांच्या किती पुढे जाते? पेन्सिल कागदाला टेकली की "असंच काहीतरी असतं" चालत नाही.

निसर्गाच्या वहीबद्दल, म्हणजे झाडं-पक्षी-किडे बघून चित्रं आणि नोंदी करायच्या वहीबद्दल, माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. काढताना जे प्रश्न अडवतात त्यांच्यासाठी काढायचं. चित्र देखणं आलं तर आनंदच. ज्यांचा हात मुळात चित्रकलेचा आहे त्यांना हे सुरुवातीला जड जातं. त्यांच्या हाताला सवयीची वळणं असतात आणि हात डोळ्यांच्या पुढे धावतो. "मला चित्र येत नाही" म्हणणारा माणूस सावकाश काढतो, दहा वेळा मान वर करून फुलाकडे बघतो. वहीला असा माणूस मानवतो.

पहिल्या वर्षी जंगल नको, एक झाड घ्या. घरापासून पायी पाच-दहा मिनिटांवरचं, ज्याच्याखाली थांबलं तर कुणी हटकणार नाही असं. माझी शिफारस काटेसावरीची. रस्त्याकडेला, टेकडीच्या पायथ्याशी, शेताच्या बांधावर ती सहज भेटते आणि वर्षभरात इतकी रूपं बदलते की वहीला रिकामं बसू देत नाही. हिवाळ्यात पानं गळतात, जानेवारी ते मार्च निष्पर्ण फांद्यांवर फुलं येतात, एप्रिल-मेमध्ये बोंडं तडकून कापूस उडतो, आणि मग पंजासारखी पाच-सात पर्णिकांची पानं येतात. कोवळ्या खोडावर शंकूच्या आकाराचे काटे असतात. म्हाताऱ्या बुंध्यावरून ते जातात आणि तळाशी भिंतीसारख्या आधारमुळ्या उभ्या राहतात. फांद्या मजल्यामजल्यांनी, आडव्या फुटतात. झाडाचा सांगाडाच पानगळीत इतका स्वच्छ दिसतो की पहिलं चित्र त्याचंच काढावं.

आठवड्यातून एक ठरावीक वार. उभं राहायची जागाही ठरावीक; विजेचा खांब, पुलाचा कठडा, काहीही खूण धरा, म्हणजे आठवड्याआठवड्याची चित्रं एकमेकांशी जुळतात. दर वेळी चित्र झालं नाही तरी सहा गोष्टींची नोंद व्हायलाच हवी: कोवळी पानं, पूर्ण वाढलेली पानं, पिकलेली पानं, कळ्या, उमललेली फुलं, फळं. प्रत्येकीपुढे तीनच शब्द: नाही, थोडी, भरपूर. सीझनवॉच या देशभरच्या नागरिक-उपक्रमात झाडांच्या साप्ताहिक नोंदी अशाच ढोबळ श्रेणींत करतात, आणि ही ढोबळ पद्धत टिकते. टक्केवारी लिहायला गेलं की महिनाभरात कंटाळा येतो आणि आकडे अंदाजपंचे होतात. "थोडी" आणि "भरपूर" यांतली सीमा मात्र पहिल्याच पानावर लिहून ठेवावी. छत्राच्या, म्हणजे झाडाच्या सगळ्या फांद्या-पानांच्या पसाऱ्याच्या, एक तृतीयांशाहून कमी भागावर असेल तर थोडी, जास्त असेल तर भरपूर, हा नियम सोपा आणि पुरेसा आहे.

आता सामान. ए-फाइव्ह आकाराची, म्हणजे साधारण १५ बाय २१ सेंटिमीटरची, पुठ्ठा-बांधणीची शिवलेली वही घ्या. स्पायरलची वही सपाट उघडते खरी, पण पिशवीत तार वाकते आणि कडेची पानं फाटतात. कागद १५० ते २०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा. याहून पातळ कागदावर रंगाचा हलका हात दिला तरी पान लाटांसारखं उठतं. ३०० जीएसएमच्या कागदावर रंग छान बसतो, पण वही जड होते आणि पानं महाग म्हणून माणूस लिहायला कचरतो. हे कचरणंच वहीचा खरा शत्रू आहे, म्हणून स्वस्त आणि बऱ्यापैकी जाड असा मध्य साधावा. एक एचबी पेन्सिल, एक टू-बी, टोकयंत्र, वाऱ्यात पानं धरायला दोन क्लिपा, सहा इंची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग. खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि शेजारी बरोबर रेघ मारावी. पहिल्यांदा काय दिसलं असं वाटलं आणि नंतर काय निघालं, हे दोन्ही पुढे वाचायला मिळतं.

आपल्याकडे वही बुडते ती पावसाळ्यात, आणि पावसात भिजून बुडते असं नाही. घाटमाथ्यावर आणि कोकणात हवेतलाच दमटपणा कागद पितो. ओलसर कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही, अणकुचीदार टोक कागद फाडतं, रबर फिरवलं की तंतू उठतात. दमट कपाटात महिनोन् महिने पडलेल्या कागदावरचा खळीचा थर जागोजागी मरतो. मग रंग लावला की मधेच गडद डाग उमटतात, कारण तिथे कागद रंग शोषून घेतो. म्हणून वही चेनच्या प्लास्टिक पाऊचमध्ये, सोबत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या. पुड्या अधूनमधून कडक उन्हात किंवा गरम तव्याजवळ वाळवून घ्याव्या. जेल पेन आणि शाईचं पेन पावसात नको, एक थेंब पडला की अख्खी ओळ वाहून जाते. साधं बॉलपेन चालतं. पिगमेंट शाईचं पेन वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. रंगाची डबी ओली असताना मिटली तर वड्यांवर दोन दिवसांत बुरशी धरते, कारण रंगातला डिंक तिचं खाणं आहे. डबी घरी आल्यावर उघडी ठेवून वाळवायची. बुरशी आलीच तर ओल्या कापडाने वरचा थर पुसून टाकावा आणि वड्या सावलीत सुकवाव्या.

रंग सहा पुरतात: लेमन यलो, गॅम्बोज, क्रिमसन, अल्ट्रामरिन, प्रुशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. ट्यूबमधला तयार हिरवा घेऊ नये. तो सगळ्या झाडांना एकच रंग देतो, आणि जूनमधल्या भाताच्या रोपांचा हिरवा व फणसाच्या जून पानाचा हिरवा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लेमन यलोत प्रुशियन ब्लूचं बोट लावलं की भाताचा हिरवा मिळतो. गॅम्बोज आणि प्रुशियन ब्लू सारखे घेतले आणि त्यात कणभर क्रिमसन घातलं की फणसाचा. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, जांभ्या दगडाला बर्न्ट सिएना आणि थोडं क्रिमसन. पांढरा रंग लागत नाही, तिथे कागद सोडायचा. रंगाचा नमुना फुलाशेजारी बसूनच लावून घ्यावा. सावरीची पाकळी पडल्यावर काही तासांतच काळपट होऊ लागते, आणि संध्याकाळी घरी बसून लावलेला लाल हा आठवणीतला लाल असतो.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जागा, आभाळ, वारा, सोबत कोण होतं. आभाळ आठ भागांत मोजतात: पूर्ण निरभ्र म्हणजे ०, पूर्ण झाकलेलं म्हणजे ८. या ओळीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही आणि नेमकी हीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते, कारण समोर पक्षी बसलेला असतो. म्हणून झाडापाशी पोचायच्या आधीच, चालता चालता, ती भरून टाकावी.

तारखेशेजारी सूर्यनक्षत्र लिहायची सवय मला फार मोलाची वाटते. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, आणि असं साधारण तेरा-चौदा दिवसांनी पुढचं नक्षत्र. शेतकरी पाऊस याच हिशेबाने सांगतात, त्यामुळे गावातल्या जाणत्या माणसाशी बोलताना वही लगेच उपयोगी पडते. "आर्द्रात पहिली पालवी" म्हटलं की त्यांच्या आठवणीतली वर्षं उलगडू लागतात. सूर्यनक्षत्र इंग्रजी तारखेशी बांधलेलं असतं, म्हणून यंदाचं आणि पाच वर्षांपूर्वीचं सरळ ताडता येतं. तिथीचं तसं नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, आणि अधिक मासाने ती तूट भरून निघते. त्यामुळे "होळीला पळस फुलला" ही नोंद एका वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्याची तर दुसऱ्या वर्षी शेवटच्या आठवड्याची असू शकते. तिथी लिहायची ती रात्रीच्या पतंगांसाठी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी. किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं मागे हटतं तितकं अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, हटत नाही, आणि खडकांवरचे जीव कुठवर दिसणार हे त्यावर ठरतं.

आता एक फूल जवळून काढू. फेब्रुवारीतली सकाळ, सावरीखाली पडलेलं ताजं फूल. झाडावरचं तोडू नका, खाली सडा असतोच. फूल पानावर ठेवा आणि दोन टोकांना दोन खुणा करा. ही खरी मापं, चित्र याच आकारात काढायचं. फूल तळहातभर असतं, म्हणजे एक बाजू त्याच्यासाठी मोकळी सोडावी लागते. तीन दृश्यं काढायची: समोरून, बाजूने, आणि ब्लेडने उभं कापून आतून. बाजूच्या दृश्यापासून सुरुवात करा. तळाशी जाड, चामड्यासारखा निदलांचा पेला. त्यातून पाच मांसल पाकळ्या, बाहेरून बारीक लव असलेल्या, वरच्या टोकाला मागे वळलेल्या. हे मागे वळणं समोरून काढताना हमखास हरवतं आणि फूल चपटं होतं. पाकळी जिथे वळते तिथे बाहेरची आणि आतली अशा दोन कडा दिसतात. दोन्ही काढल्या की वळण आपोआप येतं.

खरी कसोटी पुंकेसरांची. नजरेला तो नुसता झुबका दिसतो आणि हात झुबकाच काढतो. बोटांनी हळूच बाजूला करून बघा: बाहेर पाच जुड्या आणि मधे आणखी एक, मिळून सत्तरच्या आसपास पुंकेसर. सगळे काढत बसायचं नाही. एक जुडी तंतोतंत काढा, प्रत्येक पुंकेसराच्या टोकाचा परागकोश वळलेला आहे की सरळ तेही दाखवा, आणि शेजारी "× ५" लिहा. बाकीच्या चार जुड्या फिक्या रेघेत. वनस्पतिचित्रकार हेच करतात, आणि त्याने चित्र अधिक खरं होतं, कारण न बघितलेली एकही रेघ त्यात नसते. मधून पुंकेसरांच्या वर निघालेली कुक्षी टोकाला पाच भागांत फुटलेली असते. उभ्या छेदात अंडाशय दिसतं. पुढे बोंड पाच फाकांनी उघडतं, तेव्हा एप्रिलमध्ये याच पानाकडे परत यावं लागेल. कोपऱ्यात जागा सोडून ठेवा. आणि जमिनीवरची दहा फुलं मोजा: किती पेल्यासकट पडली, किती नुसती पाकळ्या-पुंकेसरांची? दर आठवड्याला हा आकडा लिहिला तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला तो बदलतो का, ते कळेल.

सावर फुलली की झाडावर जत्रा भरते. साळुंक्या, भांगपाडी मैना, पळसमैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, पोपट, खारी, जंगलाच्या कडेला असेल तर वानरं. नुसती यादी केली तर पहिल्या दहा मिनिटांत काम संपतं. त्यापेक्षा एकच फांदी निवडा, पंधरा मिनिटं ठरवा आणि दोन रकाने करा: समोरून पिणारे, आणि बाजूने टोचणारे किंवा पाकळ्या तोडणारे. समोरून डोकं घालणाऱ्याच्या कपाळाला पराग लागतात. ते भिंगातून नव्हे, दुर्बिणीतून दिसतात. कोण झाडाचं काम करतो आणि कोण नुसतं खाऊन जातो, हे या दोन रकान्यांत उतरतं. पळसमैना हिवाळी पाहुण्या आहेत आणि साधारण एप्रिलपर्यंत निघून जातात, म्हणून त्यांचा शेवटचा थवा दिसल्याची तारीख मिळवायची तर मार्च-एप्रिलमध्ये एकही आठवडा चुकवून चालत नाही. शेवटची तारीख ही नेहमी मागे वळून कळते.

हलणारा पक्षी काढायचा म्हणजे आधी बसण्याचा कल. चोचीपासून शेपटीपर्यंत एक रेघ, ती उभी की तिरकी की आडवी, एवढंच. मग अंगाचा लंबगोल, डोक्याचा गोल, चोचीचा कोन, आणि पाय अंगाच्या नेमके कुठे येतात ते. पाय फार पुढे काढले तर पक्षी मागे कलंडतो, आणि ही चूक जवळपास प्रत्येक नवख्या पानावर असते. पिसं, डोळा, रंग हे सगळं नंतर. पक्षी हलला की चित्र सोडून शेजारी नवीन सुरू करायचं; एका पानावर पाच-सहा अर्धी चित्रं होतात. पक्ष्यांच्या बसण्याच्या तऱ्हा ठरलेल्या असतात, त्यामुळे तो पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्या तऱ्हेवर येतो आणि पहिलं चित्र पुढे सरकतं. सुरुवातीला वेडा राघू किंवा कोतवाल धरावा. हे हवेत झेप घेऊन किडा पकडतात आणि बरेचदा त्याच तारेवर परत येतात. पाणथळीवर ढोकरी आणखी सोपी, ती तासभर पुतळ्यासारखी उभी राहते. पानांत सतत उड्या मारणाऱ्या शिंपी पक्ष्याचं चित्र पहिल्या महिन्यात काढायला जाऊ नये. आवाजाची नोंद मात्र त्याची छान होते: वेळ, किती वेळा, मधलं अंतर, आणि चढ-उतार दाखवणारी एक वेडीवाकडी रेघ.

झाडाची उंची वर्षातून एकदा, पानगळीत, मोजावी. दुसऱ्या माणसाला बुंध्याशी उभं करा. आपण लांब जाऊन हात ताठ करून पेन्सिल उभी धरायची. टोक शेंड्यावर आणि अंगठा बुंध्याच्या तळावर येईल इतकं मागे-पुढे व्हायचं. अंगठा तिथेच ठेवून पेन्सिल आडवी करायची आणि सोबत्याला बाजूला चालायला सांगायचं. तो पेन्सिलीच्या टोकाशी दिसला की थांबवा. बुंध्यापासून त्याच्यापर्यंतचं जमिनीवरचं अंतर म्हणजे झाडाची उंची. चुकतं ते दोन ठिकाणी: पेन्सिल फिरवताना कोपर वाकतं, किंवा सोबती तुमच्या नजरेच्या काटकोनात न चालता तिरका तुमच्याकडे येतो. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, वनखात्याची ही रूढ उंची. सावरीला आधारमुळ्या त्याहून वर गेलेल्या असतील तर त्यांच्या वर मोजा आणि किती उंचीवर मोजलं ते लिहा.

पाऊस लागला की सावरीकडे नुसती पानं उरतात, आणि वही झाडाभोवतीच्या जमिनीकडे वळते. कुंपणावर वेली चढतात, पानं एकसारखी बदामी, फुलं अजून महिनोन् महिने दूर. इथे एका बाणाने काम होतं. वेल आधाराभोवती कोणत्या बाजूने वर चढते आहे ते बघा आणि काठीचं साधं चित्र काढून त्यावर वेलीचा वळसा काढा. कारांदा आणि कोनफळ एकाच कुळातले, एकाच प्रजातिसमूहातले, पण दोघांच्या वेली उलट दिशांनी वळतात. पानांचं चित्रही काढाच: कारांद्याची पानं एकाआड एक, कोनफळाची बहुधा समोरासमोर, आणि कोनफळाच्या खोडाला कडेने पापुद्र्यासारखे पंख. "डावीकडे" किंवा "उजवीकडे" असं शब्दांत लिहू नये. वरून बघून की समोरून बघून, हा घोळ नंतर सुटत नाही. चित्रातला वळसा कधीच गोंधळात टाकत नाही.

याच दिवसांत विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला सुगरणीची घरटी लटकायला लागतात. घरटं काढायचं तर एकच निवडा, दुर्बिणीतून आणि लांबूनच, आणि दर दोन दिवसांनी त्याचं चित्र करा. आधी फांदीला गाठ, मग कडं, मग शिरस्त्राणासारखा अर्धा घुमट. इथवर नर एकटा बांधतो, आठेक दिवस लागतात. मग माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडलं तर पुढे अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी होते. सगळं मिळून साधारण अठरा दिवस. नापसंत घुमट तसाच अर्धवट सुकत राहतो. वहीत अर्धवट घरट्यांना वेगळी खूण करा आणि झाडाच्या आराखड्यात उत्तर दिशा दाखवा. घरटी बहुतेक वेळा पूर्वेच्या बाजूला सापडतात, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसा-वाऱ्याच्या आडोशाला. एखादी वसाहत याला अपवाद निघाली तर तिथे वारा कशाने अडतो ते शोधण्यासारखं आहे.

ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही त्यांनी गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी धरावी. कॉमन मॉर्मन आणि लाइम ही फुलपाखरं तिच्या कोवळ्या पानावर एकेक अंडं घालतात. अळी पाच अवस्थांतून जाते. पहिल्या चार अवस्थांत ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्याची. पाचवीत एकदम हिरवीगार. रोज एकाच वेळी पट्टी शेजारी धरून लांबी घ्या आणि खऱ्या मापाचं चित्र काढा; अळी लहान असताना मोठं करून काढलं तर शेजारी खऱ्या लांबीची एक रेघ ओढा. डिवचली तर डोक्यामागून दुटोकी शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुद्दाम डिवचू नका, कधीतरी दिसतंच. कोषाचा रंग हिरवा की तपकिरी, आणि तो कशाला चिकटला आहे, हे दोन्ही लिहा. कोषातून कधी फुलपाखराऐवजी परजीवी माशी किंवा गांधीलमाशीच्या जातीतला बारीक जीव बाहेर पडतो. लहान मुलं हिरमुसतात, पण वहीच्या दृष्टीने ती फुलपाखराइतकीच महत्त्वाची नोंद आहे; तारीख घाला, चित्र काढा.

लिहिण्याबद्दल माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. डाव्या पानावर जे दिसलं ते, उजव्या पानावर जे वाटलं ते. "कोतवाल चिडला" हे उजवीकडचं. डावीकडे असं हवं: "मैना फुलावर बसताच कोतवाल वरच्या फांदीवरून झेपावला, मैना उडाली, तो परत मूळ जागी, चार मिनिटांत तीन वेळा." दहा अशा नोंदी झाल्या की चिडण्याचं कारण कदाचित वेगळंच निघेल, आणि ते शोधायला डावं पान शुद्ध असावं लागतं. नावाचंही तसंच. नाव आधी लिहिलं की डोळे बघायचं थांबवतात. आधी चित्र, मापं, खुणा. नाव शेवटी, आणि खात्री नसेल तर प्रश्नचिन्हासह. "नाही" हीसुद्धा नोंद आहे. १० जानेवारीला कळी नाही, १७ ला नाही, २४ ला थोड्या, असं लिहिलेलं असेल तरच कळ्या कधी आल्या ते सांगता येतं. नुसतं "२४ ला कळ्या दिसल्या" यावरून काहीच कळत नाही. त्या महिनाभर आधीपासूनही असू शकतात.

मोबाइलचा फोटो जरूर काढा, पण चित्र झाल्यावर. आधी काढला की "घरी जाऊन बघू" असं मन म्हणतं आणि घरी गेल्यावर पानाची मागची बाजू, देठाचा चीक, फुलाचा वास यांतलं काही फोटोत नसतं. फोटोचा क्रमांक वहीत लिहून ठेवला की दोन्ही एकमेकांना धरून राहतात.

कास पठारासारख्या ठिकाणी वही घेऊन जाणाऱ्यांनी पाय कुठे पडतो ते आधी बघावं. पश्चिम घाटाचा २०१२ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात कासही आहे. सड्यावरची माती वीतभरही नसते; सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद यांची झाडं बोटभर उंचीची. वाटेवरूनच, गुडघ्यावर बसून, वाटेच्या कडेचं एकच फूल काढावं. ताटव्याचं चित्र काढायचा मोह होतो, पण त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या एका पानावरचे चिकट थेंब आणि त्यात अडकलेली चिलटं मोजली तर अर्धा तास पुरत नाही. घुबडाचं घरटं किंवा दुर्मीळ कंदाची जागा वहीत असू द्या, समाजमाध्यमांवर नको.

अशा नोंदींचा उपयोग किती वर्षांनी होईल सांगता येत नाही. अमेरिकेतल्या कॉन्कर्ड गावात हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने १८५२ ते १८५८ या काळात शेकडो रानफुलांच्या पहिल्या फुलोऱ्याच्या तारखा टिपल्या होत्या. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गावात फिरून त्या तारखा ताडल्या. हवामान तापल्यामुळे कितीतरी फुलं आता आधी फुलतात हे त्यातून दिसलं. आपल्याकडे बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो असं गावोगाव सांगतात. हे खरं की खोटं, आणि कुठल्या भागात, हे सांगायला एका ठरलेल्या बहाव्याच्या दहा-पंधरा वर्षांच्या तारखा लागतील. एका माणसाला, एका वहीला हे जमण्यासारखं आहे.

म्हणून भरलेली वही नीट ठेवणं हाही कामाचाच भाग. पानांना आकडे घाला आणि शेवटची चार पानं सुरुवातीपासून सूचीसाठी राखून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी पळसमैनेची नोंद शोधायला तीन वह्या चाळाव्या लागतात. पानं ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून दोन ठिकाणी जपा. कसर लागू नये म्हणून वह्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत वारा द्या. पहिल्या पानावर आपलं पूर्ण नाव लिहा. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने १८४७ ते १८५० या काळात दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रं काढली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. पानांच्या शिरा, फुलांचे छेद, सगळं जागच्या जागी. चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नोंदलेलं नाही.

नावाखाली खुणांचा खुलासा द्या: प्रश्नचिन्ह म्हणजे काय, अर्धवट घरट्याची खूण कोणती, "भरपूर" किती. मग झाडाचा पत्ता: रस्ता, जवळची न हलणारी खूण, अक्षांश-रेखांश, तुम्ही उभे राहायचात ती जागा. रस्तारुंदीत झाड गेलं तर ती तारीख लिहा, बुंधा पडलेला असतानाच छेदाचा व्यास मोजून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी जवळचं दुसरं झाड धरा. नव्या झाडाच्या नोंदी जुन्यात मिसळू नका, नवं पान घ्या.